एका छायाचित्रातले दोन हात

चित्रपट संपला की स्पॉटबॉयपर्यंत सगळ्यांची नावे पडद्यावरून सरकतात. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार आणि रंगभूषाकार यांना जागा असते. छायाचित्राखाली मात्र बहुधा एकच नाव येते, बटण दाबणाऱ्याचे. त्यामुळे छायाचित्रण ही एकट्याने करायची कला आहे, असा आपला समज घट्ट झाला आहे. गळ्यात कॅमेरा अडकवून पहाटे एकटाच निघालेला माणूस हीच छायाचित्रकाराची आपल्या मनातली प्रतिमा. बातमीच्या, वन्यजीवांच्या किंवा रस्त्यावरच्या छायाचित्रणात ती बरीचशी खरीही आहे. पण जिथे छायाचित्राने स्वतःची चौकट मोडायचा प्रयत्न केला, तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी कॅमेऱ्यापाशी दुसरा कुणीतरी होता. तो कधी चित्रकार होता, कधी नटी, मुखवटे करणारा, अॅनिमेशनवाला किंवा डार्करूममधला जोडीदार.

हा दुसरा माणूस छायाचित्रात नेमके काय घडवतो आणि मग ते छायाचित्र कुणाचे मानायचे, याचा आढावा इथे घ्यायचा आहे. त्यासाठी मी एकच कसोटी वापरतो. दुसऱ्या कलावंताला चित्र बदलायची मुभा होती का? शेजारी बसून चहा घेणे, एका प्रदर्शनात दोघांची कामे लावणे, एकाच्या कवितेखाली दुसऱ्याचा फोटो छापणे याला हल्ली सर्रास सहयोग म्हणतात. त्यात चांगली कामे जरूर होतात, पण दोघांपैकी एकाला वगळले तरी दुसऱ्याचे काम जसेच्या तसे उरते. मला रस आहे तो तसे उरत नाही अशा कामांत.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली, म्हणजे छायाचित्रणाची कला जगापुढे आल्यानंतर पंधरा वर्षांत. डॉ. भाऊ दाजी लाड सोसायटीच्या कामकाजात होते. त्यांचे बंधू नारायण दाजी आणि एल्फिन्स्टन संस्थेच्या छायाचित्रण वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण ही या शहरातल्या पहिल्या भारतीय छायाचित्रकारांची नावे. त्याच मंडळींच्या काळात विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले, १८६३ ते १८६६ या काळात. त्यातली माणसे स्टुडिओत उभी करून टिपलेली आहेत आणि त्यांच्या मागची देवळे, घाट, रस्ते दुसऱ्याच निगेटिव्हवरून आणून जोडलेले आहेत. छायाचित्र म्हणजे समोर होते ते जसेच्या तसे, ही समजूत मुंबईत तरी पहिल्या दहा-बारा वर्षांतच मोडली होती. मात्र त्या चौकटीत उभ्या राहिलेल्या माणसांना कुठल्या देवळासमोर आपल्याला नेऊन ठेवणार याची कल्पनाही नसेल. प्रयोग झाला, पण तो एकतर्फी झाला. पुढे या लेखात जॉन्सनची आठवण पुन्हा येईल, कारण नंतरच्या काही कलावंतांनी नेमक्या याच एकतर्फीपणाशी भांडण मांडले.

स्टुडिओतले दुसरे हात होते रंगवणाऱ्यांचे. जुन्या घरांत पणजीचा फोटो असेल तर पाहा, काळ्या-पांढऱ्या छपाईवर गालांना गुलाबी, शालूच्या काठाला पिवळा, कुंकवाला लाल रंग कुणीतरी बारीक कुंचल्याने भरलेला असतो. नाथद्वाऱ्याच्या घासीरामांसारखे थोडे चित्रकार नावाने ओळखले जातात. तिथल्या मनोरथ चित्रांत श्रीनाथजीसमोर हात जोडलेल्या यजमानांचे चेहरे छायाचित्रातून कापून चिकटवलेले आणि बाकीचे अंग रंगाने काढलेले आढळते. शहरोशहरीच्या स्टुडिओंमधल्या रंगाऱ्यांची नावे मात्र फोटोमागच्या शिक्क्यावर आली नाहीत. शिक्का स्टुडिओचा होता. माझ्या कसोटीला हे रंगारी पूर्ण उतरतात. त्यांनी चित्र उघड उघड बदलले, तरी इतिहासाने त्यांना कारागिरांच्या ओळीत बसवले.

महाराष्ट्रातल्या प्रयोगांबद्दल लिहिताना त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळक्यांना ओलांडून जाता येत नाही. सिनेमाच्या आधी ते छायाचित्रकार होते, छपाईच्या धंद्यातही होते. १९१२ साली भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. रोज थोडी थोडी फिल्म घ्यायची आणि शेवटी काही क्षणांत अंकुर वर येताना दाखवायचा. कॅमेऱ्याने वेळेशी केलेला हा खेळ आहे, आणि तो घरात झाला. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाई फाळक्यांनी केली. त्या वेळच्या कच्च्या फिल्मवर अंधारात काम करणे म्हणजे चित्राचे भवितव्य हातात असणे, हे डार्करूममध्ये उभे राहिलेल्या कुणालाही कळेल.

युरोपात नेमक्या याच जागेवर मोठा अन्याय झाला. १९२२च्या सुमाराला लास्लो मोहोली-नाज यांनी कॅमेऱ्याविना छायाचित्रे काढायला सुरुवात केली. संवेदनशील कागदावर वस्तू ठेवायच्या, उजेड पाडायचा, कागद धुवायचा. त्याला फोटोग्राम म्हणतात. छायाचित्रणाचे तंत्र येत होते त्यांच्या पत्नीला, लुसिया मोहोली यांना, आणि प्रयोग दोघांचे होते. नाव राहिले एकाचे. बाउहाउस या कलाशाळेची लुसियांनी काढलेली छायाचित्रेही कित्येक वर्षे त्यांच्या नावाशिवाय छापली गेली, आणि जर्मनीतून बाहेर पडताना मागे राहिलेल्या निगेटिव्ह काचांसाठी त्यांना पुढे भांडावे लागले. मॅन रे आणि ली मिलर यांच्या सोलरायझेशनची कथाही याच वळणाची आहे. डार्करूममध्ये अवेळी उजेड लागला आणि आकृतीभोवती काळी रेघ उमटली, ती रेघ दोघांच्या कामातून तंत्र म्हणून स्थिर झाली, पण पुष्कळ काळ ती मॅन रे यांचीच मानली गेली. उलट १९४८ सालचे साल्वादोर दाली आणि फिलिप हाल्समन यांचे उडत्या मांजरांचे आणि फेकलेल्या पाण्याचे प्रसिद्ध छायाचित्र घ्या. चित्रकार आणि छायाचित्रकार दोघेही इतके नामवंत होते की कुणाचेच नाव गळले नाही. नाव टिकते ते बऱ्याचदा कामाच्या वाट्यावरून ठरत नाही, आधीच्या वजनावरून ठरते.

आता मुंबईतल्या एका प्रयोगाकडे येतो. तो जेमतेम तीन वर्षे चालला, पण माझ्या मते आपल्याकडच्या कलाविश्वातला तो सगळ्यात उदार प्रयोग होता. चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ साली जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशातून स्वतःसाठी स्टुडिओ थाटून ते निवांत चित्रे काढू शकले असते. त्यांनी नेपियन सी रोडवर व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केले. सोळा मिलिमीटरचा कॅमेरा आला, डार्करूम झाली, छपाईचे यंत्र आले, आणि चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपट करणारे यांना दार उघडे ठेवले. मणी कौल आणि कुमार शहानी यांच्यासारखे तरुण दिग्दर्शक तिथे येत. पदमसींनी स्वतः सिझिजी हा रेषांचा आणि आकड्यांच्या गणिताचा चलत्पट केला, अॅनिमेशनमधले जाणकार राम मोहन यांच्या मदतीने.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालानी तिथल्या डार्करूममध्ये कॅमेऱ्याविना छायाचित्रे करू लागल्या. चित्रकार म्हणून शिकलेली मुलगी कुंचला बाजूला ठेवून प्रकाशानेच आकार मांडत होती. त्याच काळात त्यांनी ड्रीम हाउसेस हा छोटा चलत्पट केला. पुठ्ठ्याचे घराचे नमुने, त्यांवर रंगीत फिल्टरमधून टाकलेला प्रकाश, एकेक फ्रेम सरकवत घेतलेले चित्रण. शहरात सगळ्यांना घर मिळेल या तेव्हाच्या आशेशी आणि चार्ल्स कोरिया यांच्या वास्तुविचाराशी त्याचे नाते होते. मालानी पुढे व्हिडिओ आणि छायांच्या मोठ्या मांडण्या करणाऱ्या जगप्रसिद्ध कलावंत झाल्या. त्या वाटेचे पहिले पाऊल दुसऱ्याच्या फेलोशिपच्या पैशातून उभ्या राहिलेल्या डार्करूममध्ये पडले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सहयोगाचा अर्थ नेहमी एकाच चित्रावर दोघांनी हात ठेवणे असा नसतो. महागडे साहित्य सामाईक करणे आणि दुसऱ्याला त्यावर चुकू देणे हादेखील सहयोगच.

१९७२पर्यंत वर्कशॉप बंद पडले. पदमसींच्या इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर या दुसऱ्या चलत्पटाची एकुलती एक प्रत हरवली. चार दशकांनंतर दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना सोबत घेऊन तो चलत्पट पुन्हा घडवायचा प्रयत्न केला आणि २०१६ साली त्यावर त्याच नावाचा चित्रपट केला. मुंबईतल्या प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास आपण बऱ्यापैकी जपला, छबिलदासच्या आठवणी पुनःपुन्हा लिहिल्या. या वर्कशॉपची आठवण मात्र मराठी वाचकाला फारशी कुणी करून दिली नाही, आणि त्याचे मला वाईट वाटते.

याच वर्षांत बडोद्याचे चित्रकारही कॅमेऱ्याकडे वळले होते. ज्योती भट्ट यांचे लोककलेच्या नोंदींचे काम सर्वांत मोठे. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. दुसऱ्या टोकाला नसरीन मोहमदी. त्यांनी पाणी, वाळू, फरशी, रस्त्यावरचे पट्टे यांची अप्रतिम छायाचित्रे काढली, डार्करूममध्ये त्यांना अमूर्ताकडे नेले, आणि हयातीत ती लोकांपुढे मांडली नाहीत. एकान्तातून आलेले इतके शुद्ध काम पाहिले की दुसऱ्या हाताची माझी मांडणी सगळीकडे लागू नाही हे मान्य करावेच लागते.

जॉन्सनची आठवण येईल असे म्हटले होते, ती येते पुष्पमाला एन. यांच्यापाशी. मूळच्या शिल्पकार असलेल्या पुष्पमाला नव्वदच्या दशकात स्वतःच छायाचित्रात उतरल्या. फँटम लेडी ऑर किस्मत ही त्यांची मालिका मुंबईत घडली. जुन्या चित्रपटातल्या हंटरवालीच्या थाटातला मुखवटा घातलेली बाई रात्रीच्या शहरात हिंडते, आणि कॅमेऱ्यामागे आहेत मीनल अगरवाल. त्यानंतरचे काम दादरशी जोडलेले आहे. दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओचे जे. एच. ठक्कर यांनी पन्नास-साठच्या दशकांत हिंदी सिनेमाच्या ताऱ्यांची छायाचित्रे काढली होती. पुष्पमाला त्या वयोवृद्ध छायाचित्रकाराकडे गेल्या आणि त्यांच्याच पद्धतीच्या प्रकाशयोजनेत नवरसांची मालिका करून घेतली. हे काम मला लाडके आहे. रसांचा शास्त्रोक्त विचार, तारकांच्या गालावर पडणारा स्टुडिओतला तिरपा प्रकाश आणि स्वतःच्या चेहऱ्याचे कच्च्या मालासारखे केलेले दान, हे सगळे एका चौकटीत येते. ठक्करांची जागा यात सहायकाची नाही. ती प्रकाशाची भाषा त्यांनीच घडवली होती, ती वगळली तर मालिकाच उरत नाही.

२००० ते २००४ या काळात पुष्पमाला आणि बंगळूरस्थित ब्रिटिश छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांनी दक्षिण भारतातल्या स्त्रियांच्या प्रतिमांची मोठी मालिका केली. राजा रविवर्म्याची चांदण्यातली स्त्री, सिनेमातली दृश्ये, वर्तमानपत्रात पोलिसांनी पाटी धरून उभ्या केलेल्या स्त्रिया आणि वसाहतकाळात अंगाचे माप घेण्यासाठी चौकड्यांच्या पडद्यासमोर उभी केलेली आदिवासी बाई, अशी सगळी चित्रे सेट उभारून, कपडे शिवून, पडदे रंगवून पुन्हा घडवली. जॉन्सनच्या खंडांतल्या माणसांना पार्श्वभूमी निवडता आली नव्हती. इथे समोर उभी असलेली बाईच पडदा, दागिना आणि नजर ठरवते, आणि कॅमेऱ्यामागच्या गोऱ्या छायाचित्रकारालाही त्या इतिहासात आपली जागा तपासावी लागते. कामावर दोघींची नावे आहेत. मला यातली काही चित्रे जरा जास्तच नटलेली वाटतात, मूळ प्रतिमेची नक्कल इतकी तंतोतंत होते की टीका मागे पडते. पण चौकड्यांच्या पडद्याचे छायाचित्र कुठल्याही मानववंशशास्त्राच्या वर्गात लावून ठेवावे असे आहे.

सहयोगी हयात नसेल तर? विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये आजोबा उमरावसिंग शेरगिल यांची जुनी कौटुंबिक छायाचित्रे घेऊन, संगणकावर एकमेकांत मिसळून, मावशी अमृता शेरगिलभोवती नवी चित्रमालिका रचली. बाप, लेक, आरसे, पॅरिस आणि सिमला एका चौकटीत येतात. काम देखणे आहे. पण उमरावसिंगांना नाही म्हणायची सोय नव्हती, आणि म्हणून मी त्याला सहयोगाऐवजी वारसाहक्क म्हणेन.

आणि आता पालघर जिल्हा. छायाचित्रणातल्या सहयोगाचे गेल्या दहा-बारा वर्षांतले सर्वांत खोल काम आपल्या घराशेजारी, डहाणू आणि जव्हार तालुक्यांत झाले.

दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल २०१३ साली डहाणूजवळच्या गंजाडला आल्या आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांच्या घरी राहिल्या. हे तेच गंजाड, जिथे जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्राला भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेले. गिल परिसराची काळीपांढरी छायाचित्रे घेत होत्या आणि वांगड त्यांना त्या त्या जागेच्या गोष्टी सांगत होते. कुठला देव कुठे बसतो, कुठली झाडे गेली, गावाने कुठले संकट पाहिले. छायाचित्रे हाती आल्यावर गिल यांच्या लक्षात आले की ऐकलेले त्यांत काहीच उतरलेले नाही. डोंगर आहे, शेत आहे, वांगड उभे आहेत, गोष्ट मात्र कुठेच नाही. मग त्यांनी ती छायाचित्रे वांगडांपुढे ठेवली आणि वांगडांनी त्यांवर शाईने रेखाटायला घेतले. फील्ड्स ऑफ साइट ही मालिका तिथून सुरू झाली आणि बरीच वर्षे चालली.

चित्रकलेच्या दृष्टीने इथे काय घडते ते नीट पाहायला हवे. कॅमेऱ्याला क्षितिज असते. जवळचे मोठे, लांबचे लहान, आणि सगळे एकाच क्षणाचे. वारली चित्राला क्षितिज नसते. लग्नाच्या चौकात असो की तारप्याच्या नाचात, माणसे, झाडे, जनावरे चहूबाजूंनी पाहिल्यासारखी मांडलेली असतात, आणि आजचे, कालचे, पूर्वजांचे एकाच भिंतीवर नांदते. वांगड छायाचित्रातल्या रिकाम्या आभाळात ही दुसरी दृष्टी भरतात. डोंगराच्या वर डोंगराचा इतिहास येतो, झाडाच्या फांद्यांत जनावरे येतात, मोकळ्या शेतावर कारखाने, वाहने आणि माणसांच्या रांगा उमटतात. बारकाईने पाहिले तर रेघ छायाचित्रातल्या कडांना धरून चालते, कुठे थांबते, कुठे ओलांडून जाते. दोन्हीपैकी कुठलीही दृष्टी दुसरीला गिळत नाही. वारली आकृत्या आज कपांवर, चादरींवर, सरकारी भिंतींवर इतक्या छापल्या जातात की त्यांतला विचार कुणी पाहत नाही. इथे तो विचार कॅमेऱ्यासमोर ताठ उभा राहतो, आणि या मालिकेचे मला सर्वांत मोठे मोल वाटते ते हेच.

जव्हारचे काम याहून वेगळे. त्या भागात बोहाड्याची परंपरा आहे. देवांची, राक्षसांची, पुराणातल्या पात्रांची सोंगे मुखवटे घालून रात्री निघतात. कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्या सुभाष आणि भगवान धर्मा कडू या बंधूंना, वडिलांकडून कसब आलेल्या या कलावंतांना, गिल यांनी २०१५च्या सुमारास एक विनंती केली. देवादिकांचे सोडून आजच्या जगण्याचे मुखवटे कराल का? मग म्हातारे, तरुण, आजारी, रागावलेले, आनंदलेले असे चेहरे आले, प्राणी आले, घरातल्या आवडत्या वस्तूही आल्या. कोकणा आणि वारली गावकऱ्यांनी ते चढवले आणि आपापल्या कामांत, दवाखान्यात, घरात, रस्त्याच्या कडेला, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. अॅक्ट्स ऑफ अपिअरन्स ही रंगीत मालिका २०१७ साली जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलामहोत्सवातही दाखवली गेली.

आदिवासी माणसाचे छायाचित्र म्हटले की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, रोखलेली नजर आणि खाली जमातीचे नाव, हा साचा जॉन्सनपासून आजच्या पर्यटन पुस्तिकेपर्यंत चालत आला. इथे चेहराच हाती लागत नाही. समोरच्याने काय दाखवायचे ते निवडले आहे, आणि तरी दवाखान्याच्या खाटेवर बसलेल्या त्या सापाच्या किंवा पाखराच्या तोंडाच्या माणसाचा थकवा खांद्यांतून, हातांतून आपल्यापर्यंत पोहोचतो. एक टोचणी मात्र राहते. ही छायाचित्रे न्यूयॉर्क, दिल्ली, कासेलच्या भिंतींवर लागली, त्यांच्याबद्दलचे लेखन बहुतांशी इंग्रजीत झाले. ती जव्हारच्या बाजारात, ठाण्याच्या गडकरी रंगायतनाच्या आवारात, मराठी पाट्यांसह लागायला हवीत. कडू बंधूंच्या कामाची चर्चा त्यांच्या भाषेत व्हायला हवी.

नाव आणि पैसा यांच्याबद्दल कायदा काय म्हणतो ते कलावंतांनी काम सुरू करण्याआधी वाचलेले बरे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते घेणारी व्यक्ती. संयुक्त कृती कुठली, तर दोघांच्या सहकार्याने झालेली आणि ज्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही अशी. ही व्याख्या या लेखातल्या बऱ्याच कामांना अडचणीची आहे. वांगडांची रेघ आणि गिल यांचे छायाचित्र कागदावर एकजीव झाले, तरी डोळ्यांना वेगळे ओळखू येतात. मग वकील त्यांना दोन कृती म्हणू शकतो. मुखवटा हे स्वतंत्र शिल्प ठरेल आणि मुखवट्याचे छायाचित्र निराळे. शिवाय कुणी पैसे देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल तर, उलट करार नसल्यास, पहिली मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. २०१२च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचे हक्क कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतात, पूर्वी ती मुदत प्रकाशनापासून मोजली जाई. संयुक्त कृतीत शेवटी जाणाऱ्या कर्त्यापासून साठ वर्षे.

म्हणून करार लेखी हवा, दोघांनाही वाचता येईल अशा भाषेत हवा. विक्रीचा वाटा, प्रतींची संख्या, पुनर्मुद्रणाचे मानधन आणि नावांचा क्रम एवढे तरी त्यात असावे. कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमाची माहिती गावातल्या कलावंताला कुणी क्वचितच देते. हक्क विकून टाकले तरी, ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. मुखवटा करणाऱ्याला तो आहे, रेघ ओढणाऱ्याला आहे, आणि आज पणजीच्या फोटोवर रंग भरणारा कुणी असता तर त्याच्या कुंचल्यासाठी त्यालाही तो मागता आला असता.